१९८४ ची पद्मिनी, कंपनीतून निघाली तशीच. काकूंना किती द्यावेत?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

नमस्कार मंडळी, इथलं वाचतोय दोनेक वर्षं, लिहितोय पहिल्यांदाच. मला एक प्रीमिअर पद्मिनी घ्यायचीय. शोला नाही, लग्नात भाड्याने द्यायला नाही, रविवारी घरच्यांना घेऊन महाबळेश्वर किंवा कासला जायला. वडिलांची होती, मी सातवीत असताना विकली, तेव्हापासून डोक्यात बसलेली गाडी आहे. अट एकच, गाडी जशी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तशी पाहिजे. स्टिअरिंगवरचा गिअर, पुढे एकसंध बाक, मूळ चाकं. मला ती गाडी पाहिजे, तिच्या पत्र्यात बसवलेली दुसरी कुठली नको.

सहा महिने शोधून दोन सापडल्यात. पहिली पुण्यात एका डीलरकडे, १९९२ ची, ‘फुल्ली रिस्टोअर्ड’ म्हणून ३ लाख २५ हजार सांगतायत. दोन रंगांत रंगवलेली, अलॉय व्हील, बकेट सीट, गिअर खाली घेतलेला, इंजिन ११८ एनईचं (प्रीमिअरचीच दुसरी गाडी) बसवलंय असं त्यांनीच सांगितलं. चालायला मऊ आहे हे खरं. डीलर सारखा ‘व्हिंटेज’ म्हणत होता.

दुसरी आमच्याच गल्लीच्या टोकाला, एका काकूंच्या बंगल्याच्या शेडमध्ये. १९८४ ची, एकहाती, क्रीम रंग. काका २०१९ मध्ये गेले, तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही. ताडपत्री घातलेली होती. मी काढून बघितली तर आतलं रेक्झिनसुद्धा मूळ वाटतंय, एका ठिकाणी शिवण उसवलीय तेवढीच. काकूंना किंमत माहीत नाही. त्या म्हणाल्या, ‘तूच बघ बाबा काय होतं ते, एक माणूस येऊन ३० हजार म्हणून गेला.’ आमचा मामा म्हणतो ३० म्हणाला ना, मग तू ३२ दे आणि उचल. पण काकूंनी मला लहानपणी गणित शिकवलंय हो, त्यांना फसवून घेतलेली गाडी मला रोज दारात बघवणार नाही. आणि दुसरीकडे माझ्याकडे पैसेही मोजके आहेत, सगळं मिळून दोन लाख, त्यात गाडी चालती करायचीय.

तर बंद पडलेल्या पण न छेडलेल्या पद्मिनीची रास्त किंमत ठरवायची कशी? आणि बघताना नेमकं काय बघू?

डुक्करफियाट_ते_पद्मिनी (पुणे)

दादा, पहिलं म्हणजे पुण्याची गाडी सोडून द्या. वाईट आहे म्हणून नाही, तुम्हाला जे पाहिजे ते ती नाही म्हणून. त्या गाडीवर कुणीतरी दोन-अडीच लाख घातले असतील आणि ते तुमच्याकडून वसूल करायचेत, पण तुम्हाला तर अलॉय काढून १४ इंची मूळ चाकं टाकायची, बकेट सीट काढून बाक शोधायचा, खालचा गिअर परत वर न्यायचा. म्हणजे बदलायचे पैसे तुम्ही देणार आणि ते बदल उलटवायचे पैसेही तुम्हीच देणार. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, खाली गिअर दिसला की लगेच ‘मॉडिफाइड’ म्हणू नका. शेवटच्या काळातली एस-वन कंपनीतूनच खालच्या गिअरची आणि बकेट सीटची यायची. पण ९२ ची गाडी म्हणजे ती एस-वन नाही, नंतर केलेलं काम आहे. इंजिन बदललंय तर आरसीवर नवा इंजिन नंबर चढलाय का विचारा. चढलेला नसेल तर ती गाडी कागदावर वेगळी आणि रस्त्यावर वेगळी, पासिंगला गेल्यावर पहिला प्रश्न तोच येणार.

आणि ते ‘व्हिंटेज’. केंद्राचा २०२१ चा नियम आहे, गाडी ५० वर्षांवरची पाहिजे आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. ९२ ची गाडी वयातच बसत नाही, आणि इंजिन बदलल्यावर वय झालं तरी बसणार नाही. पद्मिनी हे नावच १९७४ पासूनचं, म्हणजे आत्ता कुठे पहिल्या पद्मिन्या पन्नाशी ओलांडतायत. त्याआधीच्या फियाट अकराशे, त्याआधीची डुक्कर फियाट, ज्यांचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, त्या त्यात येतात. तशीही तुम्हाला ती नोंदणी नकोच, तिच्यात रोजच्या वापराला मनाई आहे, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती इतपतच गाडी बाहेर काढता येते. तुम्हाला कासला जायचंय.

आता काकूंची गाडी. माझ्याकडे २०११ पासून पद्मिनी आहे, त्याआधी घरात डुक्कर होती, तेव्हा मी जे सांगतो ते हात काळे करून शिकलेलं आहे. या गाडीत इंजिन ही सगळ्यात कमी काळजीची गोष्ट. १०८९ सीसीचं साधं इंजिन, बोअरिंग करणारे, वॉल्व्ह बसवणारे अजून तालुक्याच्या गावीसुद्धा आहेत. काळजी करायची ती पत्र्याची आणि त्या बारक्या वस्तूंची ज्या आता बनत नाहीत. कारखाना बंद होऊन पंचवीस वर्षं होत आली, जे पार्ट बाजारात आहेत ते जुना साठा किंवा तोडलेल्या गाड्यांचे.

म्हणून शेडमध्ये जाताना टॉर्च, एक लोहचुंबक आणि गुडघ्याखाली घ्यायला पोतं एवढं न्या. चुंबक फडक्यात गुंडाळा म्हणजे रंगाला चरा पडणार नाही. चारी दारांच्या खालच्या कडा, मडगार्डचा चाकामागचा भाग, दारांखालचा पट्टा, सगळीकडे हळूहळू फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्र्यावर किंवा पत्र्याच्या जागी जाड लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. मग आतलं मॅटिंग उचला, ड्रायव्हरच्या पायाखालचं आणि मागच्या सीटखालचं. अंगठ्याने दाबा. कुरकुरला किंवा आत गेला तर तिथे पॅच मारावा लागणार. वर वर आलेला तांबूस गंज ही वेगळी गोष्ट, तो घासून निघतो, त्याला घाबरू नका. बॅटरीखालचा ट्रे बघा, आम्लाने तो हमखास खाल्लेला असतो.

मग बारक्या वस्तू. ग्रिल, पुढचे-मागचे बंपर, दिव्यांच्या निकलच्या रिंगा, बाजूच्या चंदेरी पट्ट्या, त्रिकोणी काचेच्या कड्या, काच वरखाली करायचे हँडल, मीटर, मूळ स्टिअरिंग, हबकॅप. एकेक मोजा आणि फोटो काढा. त्रिकोणी काचेची एक कडी शोधायला मला चार महिने लागले होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चकरा मारल्या, शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी भांड्यांच्या ढिगात मिळाली, तीसुद्धा उजवी पाहिजे होती आणि मिळाली डावी, मग टर्नरकडून, म्हणजे लेथवर काम करणाऱ्याकडून, फिरवून घेतली. अशा वस्तू पूर्ण असतील तर बंद गाडीसुद्धा चालत्या पण अर्धवट गाडीपेक्षा महाग घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

उद्यमनगर_गॅरेज (कोल्हापूर)

वरच्या दादांनी पत्र्याचं सांगितलं ते बरोबर हाय, मी इंजिनाचं सांगतो. भावा, सगळ्यात आधी एक ऐक, नवीन बॅटरी लावून सेल्फ मारू नकोस. कुणी कितीबी म्हणू दे ‘मारून बघू की’. सहा वर्षं उभ्या इंजिनात रिंगा कोरड्या पडलेल्या असत्यात, एका सेल्फमधी सिलिंडरला रेघा पडल्या की हाफ इंजिनचं, म्हणजे रिंगा-वॉल्व्हचं, काम फुल इंजिनवर, म्हणजे बोअरिंगसकट सगळ्यावर, जातंय.

चारी प्लग काढ, प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोड, दोन दिवस तसंच ऱ्हाऊ दे. मग प्लग काढलेलेच ठेवून गाडी टॉप गिअरला टाक आणि दोघं मिळून पुढंमागं ढकल. पंखा फिरला म्हणजे इंजिन मोकळं हाय. नाही फिरला तर जोर लावू नको, ब्रेक धरलेत का इंजिन धरलंय ते आधी बघाय पायजे. या गाडीला चारी चाकांना ड्रम हायत, सहा वर्षांत व्हील सिलिंडर गंजून लायनर ड्रमला चिकटतंयच, त्यामुळं गाडी हलत नसली तरी लगेच ‘इंजिन जाम’ म्हणून किंमत पाडू नये. क्लच प्लेटबी चिकटलेली असणार. हे समदं सुटतंय.

पेट्रोलची टाकी उघडून वास घे. जुनं पेट्रोल वार्निशसारखं वास मारतंय. ते एक थेंबबी इंजिनात जाऊ देऊ नको. टाकी उतरवून धुवायची, पाइप सगळे नवीन टाकायचे आणि टाकताना आत्ताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला टिकणारे टाक, जुन्या रबराचे पाइप आणि पंपाचा पडदा हे पेट्रोल खातंय. माझ्याकडं महिन्याला एक तरी जुनी गाडी याच कामाला येती. आणि टाकी अर्धी ठेवून गाडी महिना महिना उभी करू नको, इथेनॉल पाणी ओढतंय, टाकी आतनं गंजती.

डिपस्टिक काढून ऑइल बघ, दुधासारखं पांढरट असलं तर पाणी मिसळलंय. रेडिएटरचं झाकण काढून आत बोट घाल. गंजाचं पाणी असलं तर चालंल, तेलकट असलं तर हेड गॅस्केटचं काम धर.

खर्चाचा अंदाज पायजे असंल तर आमच्याकडं ब्रेकचं पूर्ण काम, मास्टर सिलिंडर धरून, १४ हजारापर्यंत जातंय. टाकी, पंप, कार्बोरेटर मिळून १०. टायर ५.२० बाय १४ चे, चार टायर ट्यूब धरून १६ धर. बॅटरी ५. इंजिन मोकळं निघालं तर आत्ता काढायची गरज नाही, महिनाभर चालवून धूर बघ, निळा धूर आला तर हाफ इंजिन ४० च्या घरात. हे आमच्या गॅरेजचं सांगितलं, पुण्या-मुंबईत जास्त घेत्यात.

रोकडा_हिशोब

इतकं अवघड कशाला करताय? बंद गाडी, कागद संपलेले, मालकीण विकायला तयार, गिऱ्हाईक एकच. बाजारभाव म्हणजे दोघांना पटेल तो आकडा. ३०-३२ मध्ये व्हायचं ते ८० वर कशाला न्यायचं. उद्या गाडी जाम निघाली तर काकू पैसे परत देणारेत का?

ठाकुर्लीची_लेक (डोंबिवली)

@रोकडा_हिशोब, तुमच्या शेवटच्या वाक्यात अर्थ आहे, धोका घेणाऱ्याने त्याचे पैसे कापून घ्यावेत. पण ‘दोघांना पटेल तो आकडा’ तेव्हाच बाजारभाव असतो जेव्हा दोघांनाही गाडीची किंमत माहीत असते. माझं सांगते. बाबा गेले तेव्हा आमची ८७ ची पद्मिनी खाली सोसायटीत उभी होती. आई खचलेली, मी परगावी नोकरीला, सोसायटीवाले जागा मोकळी करा म्हणून मागे लागलेले. एक गाड्यांचा व्यवहार करणारा माणूस आला, ‘ताई, भंगारच आहे, तुम्हाला उचलून नेण्याचेच पैसे पडले असते,’ असं म्हणून १८ हजार आईच्या हातात ठेवून गेला. पाच महिन्यांनी तीच गाडी, तोच नंबर, फक्त धुऊन पॉलिश केलेली, मला जाहिरातीत १ लाख ७० हजाराला दिसली. मागच्या काचेवर मी शाळेत असताना चिकटवलेलं फुलपाखरू अजून होतं. पैशाचं दुःख नाही झालं तेवढं, आईला त्याने ‘भंगार’ म्हटलं याचं झालं. म्हणून अजिंक्यतारा दादा, तुम्ही हा प्रश्न विचारलात यानेच मला बरं वाटलं.

आता कागदांचं बघा, कारण किंमत तिथेच सगळ्यात जास्त वरखाली होते आणि लोक ते शेवटी बघतात. गाडी काकांच्या नावावर असेल. काका गेलेत म्हणजे २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर काकूंची सही घेऊन उपयोग नाही. आधी वारसाच्या नावावर, म्हणजे फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती, आणि मग काकूंकडून तुमच्या नावावर. मुलं परदेशात वगैरे असतील तर त्यांचं संमतिपत्र आत्ताच मागवून घ्या, त्यात महिने जातात. काही एजंट काकांच्या नावाने जुनी सही मारून करून देतो म्हणतील. त्यात पडू नका, तो गुन्हा आहे आणि त्यात काकूही अडकतील.

दुसरं, ८४ ची गाडी म्हणजे पहिली १५ वर्षं ९९ ला संपली, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण, म्हणजे २०१४ ला केलं असेल तर २०१९ ला संपलं. आता फॉर्म २५ भरून फिटनेस करून घ्यावा लागेल. २० वर्षांवरच्या चारचाकीची नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये १०,००० झाली, वरून उशिराचा दंड महिन्याला ५०० आणि पर्यावरण कर वेगळा. दंड कधीपासूनचा धरतात ते सातारा आरटीओत गाडीचा नंबर सांगून लेखी आकडा घ्या, तो आकडा हातात असल्याशिवाय काकूंशी किंमत बोलू नका. तो खर्च कोण करणार हे उघड बोला. माझ्या मते तो गाडीच्या किमतीतून वजा व्हावा, पण वजा करताना काकूंना पावती दाखवा.

गाडी टोचन करून नेण्याआधी एक विम्याचं पण बघून घ्या, निदान थर्ड पार्टी.

डुक्करफियाट_ते_पद्मिनी (पुणे)

ताईंनी मनातलं लिहिलं. आता आकडा मांडू, कारण प्रश्न तोच होता.

मी नेहमी चालत्या गाडीपासून मागे येतो. जाहिरातीत लिहिलेली किंमत धरू नका, ती मागणी असते, व्यवहार कितीला झाला ते विचारा. माझ्या ओळखीत गेल्या दीडेक वर्षात मूळ अवस्थेतल्या, कागद चालू, रोज निघू शकतील अशा तीन पद्मिन्या विकल्या गेल्या, १ लाख ४०, १ लाख ६० आणि एक १ लाख ८५, ती शेवटची फारच जपलेली होती. मधला धरू, १ लाख ६०. कोल्हापूरच्या भाऊंचे आकडे घेतले तर ब्रेक १४, टाकीबिकी १०, टायर १६, बॅटरी ५, झाले ४५. फ्लोअरला एखादा पॅच लागेलच, १२ धरू, ५७. कागदांचे समजा ३५, म्हणजे ९२. १ लाख ६० मधून ९२ गेले, उरले ६८.

आता इंजिन न बघता घेतलंत तर हाफ इंजिनचा निम्मा भार, म्हणजे २०, कापा आणि ४८ म्हणा. इंजिन मोकळं फिरलं तर ते २० परत काकूंचे. म्हणजे रोकडा_हिशोब म्हणतात तो धोका किती रुपयांचा आहे ते दिसतं, त्यासाठी सरसकट निम्म्याहून कमी देण्याची गरज नाही. आणि मूळ टूलकिट, मॅन्युअल, पहिली पावती, दुसरी किल्ली, सर्व्हिसची बिलं असं काही निघालं तर चार-पाच हजार वर द्या. एकहाती गाडीला खरा पुरावा कागदाचाच असतो, ‘डॉक्टरांची गाडी होती’ असं सगळेच सांगतात.

रंगाबद्दल एक सांगायचं राहिलं. क्रीम रंग उडालेला असेल, कुठे चरे असतील, तरी मूळ असेल तर लगेच रंगवायला टाकू नका. मूळ रंग एकदाच असतो. रबिंग-पॉलिशने किती वर येतो ते आधी बघा. खिडकीच्या रबराच्या कडेला, बॉनेटच्या आतल्या बाजूला, डिकीच्या कोपऱ्यात दुसरा रंग दिसतो का बघा, तिथे रंगारी नीट मास्किंग करत नाहीत, पकडता येतं. काळा किंवा पिवळा दिसला तर थांबा. मुंबईतल्या टॅक्स्या रंगवून खासगी म्हणून फिरवलेल्या मी पाहिल्यात. टपावर कॅरिअरची बुजवलेली भोकं, पुढे मीटरच्या जागची खूण, डिकीत गॅसच्या टाकीचे ब्रॅकेट, या खुणा राहतातच. टॅक्सी होती म्हणून गाडी टाकाऊ होत नाही, त्या गाड्यांनी मुंबई वाहिलीय, ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली तेव्हा माझ्या घशात आवंढा आला होता. पण टॅक्सीची किंमत टॅक्सीची असावी.

सिद्धेश्वर_पेठ (सोलापूर)

काकूंची गाडी जमली नाही तर इकडे या. कोकणातली आणि समुद्राकाठची गाडी स्वस्त दिसते, पण खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा आतून खातो. सोलापूर, लातूर, धाराशिव, इकडे पाऊस कमी, रेक्झिन आणि रबर उन्हाने तडकलेलं असेल पण पत्रा टणक सापडतो. रबर विकत मिळतं, पत्रा नाही.

आणि मोबाइलवर बसून शोधू नका. मला माझी गाडी एका बॅटरीवाल्याने सांगितली. जुना बॅटरीवाला, पीयूसीवाला, विम्याचा एजंट, निवृत्त ड्रायव्हर, या लोकांना गावात कुठल्या वाड्यात कुठली गाडी उभी आहे ते ठाऊक असतं. चहा पाजा, नंबर देऊन ठेवा, घाई दाखवू नका. माझं आठ महिन्यांनी काम झालं. बजेट कमी असेल तर ११८ एनई पण बघा, तिच्या मूळ गाड्यांना अजून कुणी फार विचारत नाही.

दिल्लीच्या नंबरची गाडी स्वस्त म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर एनओसी आणि इकडचा कर हा हिशोब करूनच हो म्हणा.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

सगळ्यांचे खूप आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय कारण सांगितलेलं सगळं करून मग लिहायचं ठरवलं होतं.

आधी काकूंना हा सगळा हिशोब वहीवर मांडून दाखवला, १ लाख ६० पासून खाली. गणिताच्या बाई आहेत, त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ तपासली आणि टायरपाशी थांबून म्हणाल्या, ‘पाचवा टायर कुठंय? स्टेपनी धरली नाहीस.’ मी खरंच धरली नव्हती. त्यांनी स्वतःच्या हाताने ४ हजार कापले. मग मी म्हटलं इंजिन मोकळं निघालं तर आकडा ६४, नाही निघालं तर ४४. त्या हो म्हणाल्या.

चुंबक फिरवला. डावं मागचं मडगार्ड सोडलं तर सगळीकडे धरतोय, तिथे काकांना ९६ साली एसटीने घासलं होतं हे काकूंनी न विचारता सांगितलं. मॅटिंग उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढा पत्रा गेलाय, मागे ठणठणीत. ग्रिल, पट्ट्या, रिंगा सगळं जागेवर. उजव्या त्रिकोणी काचेची कडी नाही. पुणेकर दादा, तुमची ती फिरवून घेतलेली कुठल्या टर्नरकडून, मला मेसेज करा.

प्लग काढून ऑइल सोडलं, दोन नाही चार दिवस ठेवलं. रविवारी सकाळी मी, माझा भाऊ आणि समोरचा शिंप्याचा पोरगा, टॉप गिअरला टाकून ढकलली. हलेना. मला वाटलं गेलं सगळं. मग कोल्हापूरच्या भाऊंचं आठवलं, जॅक लावून चाकं हातानं फिरवून बघितली तर मागचं डावं चाक धरलेलं. ड्रमवर लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत राहिलो, अर्ध्या तासाने ‘टक्’ असा आवाज आला आणि सुटलं. परत ढकलली. पंखा फिरला. काकू पायरीवर उभ्या होत्या, त्यांनी ‘फिरला फिरला’ म्हणून टाळी वाजवली.

आणि मग त्या आत जाऊन एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात बुकिंगची पावती, डिलिव्हरीचं बिल, टूलकिटची पिशवी, दुसरी किल्ली आणि तीन वह्या. काकांनी ८४ पासून प्रत्येक वेळी पेट्रोल टाकल्यावर तारीख, किलोमीटर, लिटर, पैसे लिहून ठेवलेत. पहिल्या वहीच्या मागे बुकिंग केल्यापासून गाडी हातात येईपर्यंत किती वेळा पत्र पाठवलं तेही लिहिलंय. वहीतला शेवटचा आकडा आणि मीटरवरचा आकडा यात ११ किलोमीटरचा फरक आहे. मी या डब्याचे ६ हजार वर धरले, काकू नको म्हणत होत्या, पण हिशोब ठरलेला तो ठरलेला. ७० हजार झाले. २० हजार इसार दिलाय, बाकीचे फॉर्म ३१ चं काम झाल्यावर. मुलगी नाशिकला आणि मुलगा कॅनडात आहे, मुलाचं संमतिपत्र यायचंय. आरटीओतून आकडा घेतला, आपण धरलेल्या ३५ च्या थोडा आतच बसतोय.

मामाला सांगितलं तर तो दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी येऊन गाडीत बसून गेला.

एक अडचण आहे. मडगार्डची ती लांबी काढून पत्र्याचं काम करून घ्यायचंय, पण मग तेवढ्याच भागाला रंग मारावा लागणार आणि ४० वर्षांच्या उन्हाने उतरलेल्या क्रीमला नवा क्रीम जुळेल का? साताऱ्यात किंवा कऱ्हाडात असा रंगारी कुणाच्या माहितीत आहे का, जो कॉम्प्युटरवर न जुळवता डोळ्याने जुळवतो?

उद्यमनगर_गॅरेज (कोल्हापूर)

भावा जिंकलास. रंग सारखा करायचा तर पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू धरू नको, तिथं ऊन लागत न्हाई. त्याच मडगार्डच्या शेजारचं दार काढून रंगाऱ्याकडं घेऊन जा, आधी ते निम्मं पॉलिश करून घे आणि पॉलिश केलेल्या भागाला रंग जुळवायला सांग. कोल्हापूरला आणायला जमत असंल तर आमच्या बाजूलाच एक म्हातारं हाय, साठ वर्षं हेच करतंय, डब्यात काडी बुडवून बघतंय आणि सांगतंय. ब्रेकचं काम बी इथंच करून घे, दोन दिवसात होतंय, तेवढं किट मी आत्तापासून शोधून ठेवतो.